उष्णता टाकायची कुठं?

संपादकांनी यंदा विषय दिला, ‘चाकांवरचं घर’. त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा समुद्रकिनारी उभी असलेली कॅरॅव्हॅन असावी. मागची फळी उघडली की ओटा, शेगडी, हातभर सिंक आणि ओट्याखाली नेमका बसवलेला छोटा फ्रीज. राज्याच्या पर्यटन विभागानं 2021 मध्ये कॅरॅव्हॅनसाठी धोरण आणलं, तेव्हापासून असे फोटो आपल्याकडेही दिसू लागलेत. मी राहतो अकोल्यात. मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे हिंडून मला अशी एकही गाडी दिसली नाही. पण चाकांवरची स्वयंपाकघरं म्हणाल तर जुन्या शहरात पावलोपावली आहेत. जयहिंद चौकातून राजराजेश्वराच्या मंदिराकडे संध्याकाळी चालत निघा. आलुबोंड्याच्या कढया, कचोरीचे थाळे, अंडाबुर्जीचे तवे, ज्यूसची यंत्रं, सगळं लोटगाड्यांवर, तीनचाकींवर नाहीतर ‘छोटा हत्ती’ टेम्पोच्या पाठीवर. साडेतीन फूट रुंदीत आग आणि थंडी शेजारी-शेजारी कशी नांदवायची, हा कॅरॅव्हॅनवाल्याचाच प्रश्न यांनाही पडलेला असतो.

फक्त इथं तो 45 अंशांत सोडवावा लागतो. मे 2024 मध्ये अकोल्याचा पारा 45.8 वर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी 31 मेपर्यंत कलम 144 लावलं होतं. दंगलीसाठी नव्हे, उन्हासाठी.

पेटीत पेटी

डाबकी रोडच्या बाजूला गाड्या बांधून देणाऱ्या एका वेल्डिंगच्या दुकानापुढे ई-रिक्षाच्या सांगाड्यावर स्वयंपाकघर चढत होतं. लांबी सहा फूट, रुंदी साडेतीन. स्क्वेअर पाइपचा सांगाडा, तीन बाजूंना पत्रा, वर स्टीलचा ओटा आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला वर उचलायचं झाकण. ते उचललं की तीच सावली. मालक विशी-पंचविशीतला. सँडविच, मोमो आणि कोल्ड कॉफी विकायचा त्याचा बेत होता. म्हणजे पनीर, मेयोनीज, लोणी, दूध. यातलं काहीही उन्हाळ्याच्या दुपारी उघड्यावर ठेवण्याजोगं नाही. 5 ते 60 अंश हा जंतूंच्या वाढीचा टापू, आणि अकोल्यात मार्च ते जून अख्खं शहरच त्या टापूच्या मधोमध असतं.

बारा व्होल्टवर चालणारा 40 लिटरचा फ्रीज त्यानं आधीच घेऊन ठेवला होता. आता तो बसवायचा कुठं, यावर तिघांची तीन मतं. वेल्डरचं म्हणणं, शेगडीच्या खालची जागा मोकळी आहे, तिथं सरकवून टाकू. मुलाला तो सीटच्या मागे हवा होता, हाताशी. वायरिंगला आलेल्या माणसानं फ्रीज फिरवून पाहिला, एका बाजूच्या जाळीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, “आधी याचं तोंड पाहा भाऊ. हा इथून गरम हवा फेकते. तोंडापुढं पत्रा लावसान तं सोताले भाजून घेईन.”

मला वाटतं, या सगळ्या विषयात याहून महत्त्वाचं काही नाही. फ्रीज थंडी बनवत नाही. आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. दुधातून काढलेली उष्णता आणि कंप्रेसरनं खाल्लेली वीज, दोन्ही मिळून त्या जाळीतून बाहेर पडतात. घरी फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला की भागतं. गाडीत बाहेर म्हणजे पुन्हा तीच पत्र्याची पेटी. टाकलेली गरम हवा फिरून पंख्याच्या तोंडाशी येते, कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि बॅटरी मात्र उतरत जाते. लोक म्हणतात, फ्रीज खराब निघाला. बहुतेकदा खराब असतं ते बसवणं.

बराच वेळ वाद घालून जागा ठरली ती शेगडीच्या विरुद्ध टोकाला. मध्ये दुहेरी पत्र्याची आडवी भिंत, आत ग्लासवूल भरलेली. फ्रीजच्या पंख्यासमोर पत्र्याला खाली एक चौकोनी खिडकी, आणि समोरच्या बाजूला वर दुसरी; दोन्हींना बारीक जाळी, कारण जुन्या शहरात उंदरांचीही वहिवाट आहे. गार हवा खालून शिरावी, तापलेली वरून निघून जावी. वरची खिडकी तव्याच्या बाजूला उघडत नाही ना, हे वेल्डरनं स्वतःहून पाहिलं.

मग एक अडचण उरली, जी कॅटलॉगच्या चित्रात कधी दिसत नाही. हे फ्रीज वरून उघडतात. ते बरंच असतं. थंड हवा जड, झाकण उघडलं तरी ती खालीच बसून राहते, दारासारखी पायांवर सांडत नाही. पण ओट्याखाली ठेवलेल्या फ्रीजचं झाकण उघडायचं कसं? कॅरॅव्हॅनमध्ये त्यासाठी ड्रॉवरसारखी सरकपट्टी लावतात, कुलपासकट. रिकामा फ्रीज पंधरा किलोच्या आसपास, वर मालाचे वीस; हे ओझं पेलणारं आणि खड्ड्यात सुटून न येणारं चॅनल महाग पडतं. वेल्डरनं सोपी वाट काढली. ओट्यालाच चौकोन कापला, कडांना रबर बसवलं आणि झाकण ओट्याच्या पातळीत आणलं. बंद असताना त्यावर पाव मांडायचे. हे मला पटलं, पण पुरतं नाही. पाव झाकणावर ठेवले की दर वेळी ते उचलून बाजूला ठेवायचे, आणि गर्दीत माणूस ते करत नाही; झाकणच अर्धवट उघडं ठेवतो.

43 अंशांची हद्द

फ्रीजवर कुठंतरी एक चिठ्ठी चिकटवलेली असते आणि ती कुणी वाचत नाही. तिच्यावर ‘क्लायमेट क्लास’ म्हणून एक-दोन रोमन अक्षरं असतात. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ‘एन’ म्हणजे भोवतालचं तापमान 16 ते 32 अंश, ‘एसटी’ म्हणजे 38 पर्यंत आणि ‘टी’, म्हणजे उष्ण कटिबंधाचा, 43 पर्यंत. त्यापुढे वर्गच नाही. अकोल्याचा मे महिना प्रमाणपत्राच्या बाहेर पडतो. शिवाय 45.8 हा आकडा वेधशाळेच्या झडपांच्या पेटीतला, सावलीतला. डांबरी रस्त्यावर, पत्र्याच्या छताखाली, शेगडीच्या शेजारी काय असेल त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

43 ओलांडलं की फ्रीज बंद पडतो असं नाही. पण उष्णता बाहेर टाकायची तर कंडेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावा लागतो. हवा जितकी तापलेली, तितका वायू जास्त दाबावा लागतो आणि तितक्याच विजेत थंडी कमी मिळते. गारठ्याच्या मुलखात हाच फ्रीज दहा मिनिटं चालतो, वीस मिनिटं विसावतो. इथं दुपारी बारा ते पाच तो जवळजवळ अखंड घरघरत असतो.

कॅरॅव्हॅनची दुनिया वाढली ती थंड देशांत, आणि त्यांचा लाडका फ्रीज वेगळाच होता. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या स्टॉकहोमच्या दोन विद्यार्थ्यांनी 1922 मध्ये कंप्रेसर नसलेला फ्रीज बनवला. खाली ज्योत, नळ्यांत अमोनिया, हलणारा एकही भाग नाही, आवाज नाही. गॅसच्या टाकीवर चालतो म्हणून तो कॅरॅव्हॅनवाल्यांनी उचलून धरला. आपल्या गाड्यांवर सिलिंडर असतोच, मग तो इथं का नाही, असं मलाही आधी वाटलं होतं. त्याला दोन गोष्टी सोसत नाहीत: तिरकी जमीन आणि कडक ऊन. तिरका झाला की आतला द्रव आपल्या वाटेनं वाहत नाही. जुन्या शहराच्या गल्लीबोळात सपाट जागा मिळाली, तर तिथं आधीच कुणाची तरी मोटारसायकल उभी असते.

उस्मानाबादची लाल पेटी

महाराष्ट्रात हा प्रश्न एकदा फार वरच्या पातळीवर हाताळला गेला होता. गोदरेजनं 1958 मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. त्याच गोदरेजनं पन्नास वर्षांनी, ज्यांच्या घरात फ्रीज नाही त्यांच्यासाठी वेगळी पेटी करायला घेतली. ‘छोटूकूल’ तिचं नाव. त्यासाठी माणसं उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, जाऊन बसली आणि गावातल्या बायकांना विचारून पेटीचा आकार, रंग ठरवला. रंग लाल, उघडायची वरून, वजन 7.8 किलो, वीज बारा व्होल्टची, सुरुवातीची किंमत सव्वातीन हजारांच्या घरात. आत कंप्रेसर नाही. 1834 मध्ये फ्रान्सच्या पेल्तिए यांनी दाखवून दिलं होतं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. त्याच तत्त्वावरची चकती आणि एक लहान पंखा, एवढंच यंत्र.

हलकी, स्वस्त, बॅटरीवर चालणारी. लोटगाडीसाठी याहून चांगलं काय? पण पेल्तिएच्या चकतीची एक ठरलेली ताकद असते. अशी पेटी बाहेरच्यापेक्षा साधारण 20 अंश खाली उतरवते. बाहेर 30 असेल तर आत 10, भाजी-दुधाचं काम भागतं. बाहेर 45 असेल तर आत 25. त्यात दूध संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकायचं नाही. पुढे ही पेटी गावापेक्षा शहरातल्या दुकानांकडे आणि मोटारींकडे वळली. आजही ‘कार फ्रीज’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या कितीतरी डब्यांत हीच चकती असते, आणि गाडीवाले त्यात फसतात. घेताना एकच विचारावं: आत कंप्रेसर आहे का?

माठ आधी

25 अंशांवरून आठवलं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात हवा एवढी कोरडी असते की सावलीत वाऱ्यावर ठेवलेला पाझरता माठ पाणी पंचविशीच्या आसपास आणून ठेवतो. एका पैशाची वीज न लावता. वाळ्याच्या ताट्या आणि पाण्याचे कूलर याच कोरडेपणावर चालतात. मुंबईच्या दमट हवेत त्यांचं काही चालत नाही.

ही गोष्ट गाडीच्या फ्रीजला फार उपयोगी आहे, हे मला हिशेब मांडल्यावर कळलं. दहा लिटर पाणी 45 वरून 5 अंशांवर आणायचं तर त्यातून सुमारे 465 वॉट-तास उष्णता काढावी लागते. गाडीतला 50 वॉटचा कंप्रेसर उन्हात तासाला फार तर साठ-सत्तर वॉट-तास उपसतो. म्हणजे सकाळी भरलेल्या बाटल्या गार व्हायला दुपार उलटेल, आणि त्यात दुधाची, पनीरची थंडी खर्ची पडेल ती वेगळीच. त्याच बाटल्या रात्रभर ओल्या फडक्यात किंवा माठाच्या पाण्यात बुडवून 25 वर आणल्या, की फ्रीजचं काम निम्म्यावर येतं. उरलेलं घरच्या फ्रीजवर सोपवायचं आणि गाडीच्या फ्रीजमध्ये आधीच गार झालेला माल भरायचा. गाडीवरचा फ्रीज थंड करायला नसतो, थंड ठेवायला असतो. ज्यांनी एक उन्हाळा गाडीवर काढलाय, त्यांना हे सांगावं लागत नाही. पेटी रिकामी होत आली की ते मोकळ्या जागेत पाण्याच्या गार बाटल्या ठोसतात, म्हणजे झाकण उघडलं तरी आत शिरणारी गरम हवा कमी.

वायर किती जाड?

ई-रिक्षात बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. मिळून 48 व्होल्ट. फ्रीजला बारा हवेत. मग सरळ विचार येतो: चारातल्या एकीवरूनच तार काढा. हे सर्रास केलं जातं. ती एक बॅटरी बाकीच्या तिघींपेक्षा रोज जास्त उतरते, चार्जर चौघींना सारखंच समजतो, आणि काही महिन्यांत ती मरते. एक मेली की गाडीच थांबते. वायरिंगवाल्यानं पोराला 48 वरून 12 करणारा कन्व्हर्टर घ्यायला लावला. फ्रीजसाठी बॅटरी वेगळी असती तर आणखी चांगलं, असंही तो म्हणाला. वजन आणि पैसे ऐकून तो विषय तिथंच संपला.

तारेचं मात्र त्यानं ऐकून घेतलं नाही. मुलानं घरातल्या दिव्यांना वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर आणली होती. बॅटरी ते फ्रीज चार मीटर, जाऊन-येऊन आठ. पाच अँपिअर वाहिले की त्या तारेत जवळपास अर्धा व्होल्ट हरवतो. घरच्या 230 व्होल्टमध्ये अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. बारात तो जड जातो, कारण कंप्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त ओढतो, व्होल्ट आणखी पडतात, आणि फ्रीजमधली बॅटरी वाचवणारी यंत्रणा समजते की बॅटरी संपली. फ्रीज बंद. पुन्हा सुरू. पुन्हा बंद. चार चौरस मिलिमीटरची तार घातली की ही गळती 0.2 व्होल्टवर येते. फरक काही शे रुपयांचा.

छतावर सोलर लावला तर? लावावा. शंभर वॉटचं पॅनल वऱ्हाडातल्या उन्हाळ्याच्या दिवसाला चारशे वॉट-तासांच्या आसपास देईल, आणि पत्र्यावर बोटभर अंतर सोडून बसवलं तर छताला सावलीही होईल. तापलेलं पॅनल मात्र दर अंशामागे 0.4 टक्के कमी वीज देतं, आणि मे महिन्यात ते सत्तरीला पोचतं. बॅटरीचंही तसंच: भोवतालचं तापमान दहा अंशांनी वाढलं की शिसे-आम्ल बॅटरीचं आयुष्य अर्ध्यावर येतं, असा धंद्यातला ठोकताळा आहे. बॅटऱ्या सीटखाली, वारा लागेल अशा ठेवाव्यात. शेगडीच्या बाजूला तर मुळीच नको.

भुसा, बारदाना, मीठ

आता बर्फवाल्यांचं ऐकू. जुन्या शहरातल्या शरबताच्या, फालुद्याच्या गाड्यांना या सगळ्या विद्युतविद्येची गरज पडलेली नाही. रमजानच्या रात्री तर इथं गाड्यांपुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि सगळा कारभार बर्फाच्या लादीवर. “थैली करंट मारत नाई अन् बिघडतही नाई,” असं एकानं बारदाना झटकत मला ऐकवलं.

त्याच्या बाजूनं गणितही आहे. एक किलो बर्फ वितळताना सुमारे 93 वॉट-तास उष्णता पितो. फ्रीज बारा तास अखंड चालला तर 600 वॉट-तास वीज खातो, म्हणजे शंभर अँपिअर-तासाची अर्धी बॅटरी. तेवढ्या विजेत जी थंडी मिळते, ती सात ते दहा किलो बर्फ देतो. लादीचा एक तुकडा. त्याला चार्जर नको, कन्व्हर्टर नको.

बर्फ टिकवायची विद्या तर फार जुनी. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडरच्या जहाजानं बॉस्टनहून सुमारे 180 टन बर्फ लाकडाच्या भुशात घालून कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर शंभरेक टन शिल्लक होता. पुढच्याच वर्षी मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम वाढलं, आणि यजमान-पाहुण्यांना सर्दी झाल्याची खबर ‘मुंबई समाचार’नं छापली. हवा अडवून धरणारा भुसा तेव्हा जे करत होता, तेच आज फ्रीजच्या भिंतीतला पफ, म्हणजे फोम, करतो, जास्त चांगलं करतो. कुल्फीवाला त्यावर मिठाची जोड देतो. बर्फात तिसरा हिस्सा मीठ मिसळलं की तापमान उणे 21 पर्यंत उतरू शकतं. बारा व्होल्टच्या फ्रीजला अकोल्याच्या दुपारी हे साधणं अवघड आहे.

बर्फाची खोड वेगळी. तो पाणी होतो, आणि त्या पाण्यात पनीरचं पाकीट तरंगायला लागतं. शिवाय तो कुठल्या पाण्याचा, हे डोळ्यांना दिसत नाही. माल गार ठेवायला वापरायचा, खाण्याचा नसलेला बर्फ निळा असला पाहिजे, असा आदेश राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं 2018 च्या जूनपासून लागू केला. सरबतात पडतो तो पांढरा, मासे झाकतो तो निळा. नियम चोख आहे. निळी लादी मला जुन्या शहरात क्वचितच दिसली.

फ्रीज आणि बर्फ या दोघांच्या मधली वाट आइस्क्रीमवाल्यांच्या ढकलगाड्यांत आहे. दुपारभर फिरणाऱ्या त्या डब्याला तार नसते, बॅटरी नसते. त्याच्या भिंतींत खारट द्रव भरलेल्या नळ्या किंवा पाट्या असतात. रात्री डबा विजेला लावून तो द्रव गोठवायचा आणि दिवसभर तो हळूहळू वितळत आइस्क्रीम सांभाळतो. थंडी साठवायची असेल तर ती विजेच्या रूपात न साठवता थंडीच्याच रूपात साठवणं जास्त शहाणपणाचं, असं माझं मत या फेरफटक्यात पक्कं झालं. त्या मुलाला मी ते सांगितलंही. त्यानं विचारलं, “पण रात्री लावू कुठी?” गाडी त्याच्या गल्लीत शिरत नाही; ती नाक्यावर, ओळखीच्या दुकानाच्या ओट्यापाशी उभी राहणार. ई-रिक्षाच्या बॅटऱ्या चार्ज करायला त्या दुकानदाराशी महिन्याचं बोलणं झालं होतं. आणखी एक पिन लावायची तर ते बोलणं नव्यानं करावं लागणार.

कावडीची रात्र

वर्षातून एक रात्र अशी येते की तिथं कोणताही हिशेब पुरत नाही. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारच्या कावडयात्रेत गांधीग्रामहून पूर्णा नदीचं पाणी घेऊन पालख्या आणि भरणे पायी निघतात, अठरा-एक किलोमीटर चालून राजराजेश्वराला पोचतात. ढोल, गुलाल, आणि रस्त्यावर माणसांची न तुटणारी रांग. त्या वेळी जुन्या शहरात एकदा लावलेली गाडी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जागची हलवता येत नाही. दर मिनिटाला झाकण उघडतं. बॅटरी पहाटेच्या आधी मान टाकते आणि तिला चार्जरपर्यंत नेणार कोण?

अनुभवी गाडीवाले त्या दिवशी फ्रीजचा कंप्रेसर संध्याकाळीच बंद करतात. आत तळाला पिशवीत बांधलेला बर्फ, त्यावर जाळीची फळी, फळीवर दूध आणि लोणी. पफच्या जाड भिंतींची पेटी तशीही बारदान्यापेक्षा उत्तम बर्फपेटी असते. बॅटरी दिव्यांना आणि मिक्सरला राहते. त्या मुलाच्या ओट्याला चौकोन कापून झाला तेव्हा वायरिंगवाल्यानं फ्रीजच्या बुडाशी पाणी काढायचं बूच आहे का, ते चाचपून पाहिलं. होतं. मग त्यानं वेल्डरला त्याच्याखाली तळाच्या पत्र्याला अर्ध्या इंचाचं भोक पाडायला सांगितलं आणि नळी बाहेर, शेगडीच्या उलट्या बाजूला काढून दिली.